प्रेस-ऑन की ॲक्रिलिक? दोन्ही नखं आली डेंटिस्टकडूनच

फंक्शन चार दिवसांवर आलं की हा प्रश्न हमखास येतो, प्रेस-ऑन (तयार, वरून चिकटवायची नकली नखं) घेऊ की सलूनला जाऊन ॲक्रिलिक (पावडर-लिक्विड कालवून बोटावरच घडवलेली नखं) करून घेऊ, आणि उत्तरं पण तीच ठरलेली, हे इतके दिवस टिकतं, ते जास्त खरं दिसतं, ह्याने नख खराब होतं. माझ्या मावसबहिणीने सहा-सात महिने सलग ॲक्रिलिक लावलं होतं आणि शेवटी काढलं तेव्हा खालचं तिचं स्वतःचं नख इतकं पातळ झालं होतं की चहाचा गरम कप धरला तरी बोटाला झोंबायचं. तेव्हापासून मी ह्या विषयात जरा खोलवर वाचायला लागले आणि मला वाटतं की निवड करायच्या आधी ह्या दोन वस्तू आल्या कुठून हे माहीत असायलाच हवं, कारण दोन्हींचे फायदे आणि दोन्हींचे त्रास त्यांच्या जन्मातच आहेत.

लांब नखांची हौस तर खूपच जुनी. चीनची सम्राज्ञी त्सिशी हिचे १९०३-०४ च्या सुमारास काढलेले फोटो बघा, अनामिका आणि करंगळीवर लांबलचक टोकदार नखकवचं दिसतात. तिचं खरं नख त्याच्या आत सुरक्षित. ज्या हाताला काहीच काम करायचं नाही त्या हाताचीच नखं एवढी वाढू शकतात, म्हणजे नख हीच श्रीमंतीची पाटी होती. आपल्या प्रश्नाशी त्याचा एवढाच संबंध की नख वाढवायला वेळ लागतो आणि कामाच्या हाताला ते परवडत नाही, म्हणून मग नकली नख.

खरी सुरुवात १९३० च्या दशकात अमेरिकेत झाली. १९३२ मध्ये रेव्हलॉन कंपनी निघाली ती फक्त नेलपॉलिश विकायला, रंग पिगमेंटचा, गडद आणि अपारदर्शक, त्याआधीचं पॉलिश पाण्यासारखं फिकट असायचं. आता गडद रंग आला की तुटकं, कुरतडलेलं नख जास्तच उठून दिसणार. त्याच दशकात शिकागोमधल्या मॅक्सवेल लॅप नावाच्या डेंटिस्टने 'नू नेल्स' नावाची वरून चिकटवायची नकली नखं काढली, आणि ती फॅशनवाल्यांसाठी नव्हती, नखं कुरतडायची सवय असलेल्या लोकांसाठी होती! आजच्या प्रेस-ऑनचं मूळ शोधत गेलं की आपण इथे पोचतो, एका दाताच्या डॉक्टरपाशी.

आणि ॲक्रिलिकचं मूळ शोधलं तरी तिथेच. त्याच दशकात पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट नावाचं काचेसारखं स्वच्छ प्लास्टिक बाजारात आलं, प्लेक्सिग्लास, पर्स्पेक्स ही त्याचीच नावं, विमानाच्या खिडक्यांना वापरायचे. ते वापरून कवळ्या बनवायला लागले कारण आधीच्या रबराच्या कवळ्या दिसायला अगदीच वाईट असायच्या आणि ह्या प्लास्टिकला हिरडीचा रंग देता यायचा. त्याची पद्धत अशी की पावडर आणि लिक्विड कालवायचं, पिठासारखा गोळा होतो, साच्यात दाबायचा, कडक होतो. म्हणजे डेंटिस्टकडे असं मटेरियल होतं जे हाताने हव्या त्या आकारात घडवता येतं आणि मग दगडासारखं घट्ट होतं.

१९५४ साली फिलाडेल्फियाचा फ्रेडरिक स्लॅक नावाचा डेंटिस्ट काम करता करता स्वतःचं नख तोडून बसला. दुखतंय, काम तर करायचंय, मग त्याने ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा नखाखाली सरकवला आणि त्याच्यावर दातांचं ॲक्रिलिक ओतून तात्पुरतं नख घडवलं. ते इतकं खरं दिसलं की त्याने भावाबरोबर त्याचा धंदाच सुरू केला. आज सलूनमध्ये तुमच्या बोटाखाली ते चिकट, घोड्याच्या नालेसारखं कागदी लेबल लावतात ना, ज्याला फॉर्म म्हणतात, ते त्या फॉइलचंच पुढचं रूप. मला ही गोष्ट फार आवडते कारण ॲक्रिलिक नख हे मुळात बँडेज होतं, सौंदर्याचा विचार नंतर आला.

कधी कोणी ॲक्रिलिक करताना जवळ बसून बघा. ब्रश आधी लिक्विडमध्ये बुडवतात, वाटीच्या काठाला निथळतात, मग ब्रशचं टोक पावडरला नुसतं टेकवतात आणि टोकावर एक ओला चकचकीत मणी तयार होतो. तो मणी नखावर ठेवला की काही सेकंद तो तसाच डुलत असतो, मग ब्रशने दाबून पसरवायचा, आणि मिनिटभरात त्याची चमक जाते, अजून थोड्या वेळाने ब्रशच्या दांडीने वाजवलं की टक टक आवाज येतो. त्या लिक्विडला मोनोमर म्हणतात, सुटे रेणू, आणि पावडरमध्ये बेंझॉइल परऑक्साइड असतं जे त्या रेणूंना एकमेकांत साखळीसारखं गुंफायला लावतं. दिवा नाही, भट्टी नाही, खोलीच्या तापमानालाच होतं. जो उग्र वास येतो तो ह्या मोनोमरचा.

आता इथे गडबड झाली ती सांगायलाच हवी. दातांच्या कवळीत वापरायचा तो मोनोमर म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेट, एमएमए, तोच जसाच्या तसा नखांना वापरला जात होता. पण कवळी तयार होऊन तोंडात जाते तेव्हा ती आधीच कडक झालेली असते, नखावर मात्र कच्चं लिक्विड थेट माणसाच्या अंगावर ओतलं जात होतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या एफडीएकडे, म्हणजे औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे, तक्रारी यायला लागल्या, नखं वाकडी झाली, खराब झाली, कातडीला ॲलर्जी झाली. १९७४ मध्ये एफडीए कोर्टात गेलं, शंभर टक्के एमएमए असलेली प्रॉडक्ट्स बाजारातून काढायला लावली, माल जप्त झाला, काहींनी स्वतःहून परत बोलावला. पण एमएमएवर सरसकट बंदी घालणारा नियम मात्र तेव्हा केला नाही आणि ती फट राहूनच गेली, कारण एमएमए स्वस्त असतं आणि पटकन कडक होतं, म्हणून ते आडमार्गाने सलूनमध्ये परत परत येत राहिलं.

त्याच्या जागी चांगल्या कंपन्या एथिल मेथाक्रिलेट वापरायला लागल्या, ईएमए. नावात एका अक्षराचा फरक, पण नखाला फरक मोठा. एमएमए इतकं कडक होतं की हात दारात अडकला तर नकली नख तुटत नाही, ते खालच्या खऱ्या नखाला सोबत घेऊन उपटून येतं. आणि ते ॲसिटोनमध्ये नीट विरघळतही नाही, म्हणून मग काढताना खरवडतात, मशीनने घासतात, आणि ते घासणं खालच्या नखापर्यंत जातं. 'ॲक्रिलिकने माझी नखं गेली' असं सांगणाऱ्या खूप जणींचं नुकसान लावताना नाही तर काढताना झालेलं असतं, माझ्या बहिणीचंही तसंच झालं, मशीन लावून घाईघाईत काढलं होतं.

डेंटिस्टांचा संबंध तरी इथे संपावा, तर नाही! १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टुअर्ट नॉर्डस्ट्रॉम ह्या डेंटिस्टला त्याची एक पेशंट म्हणाली की तुमच्या दवाखान्यात अगदी नेल सलूनसारखा वास येतोय, आणि त्यातून त्याला नखांसाठी वेगळं लिक्विड बनवायची कल्पना सुचली, त्यातून निघालेली कंपनी म्हणजे आजची सीएनडी, नखांची प्रॉडक्ट्स बनवणारी. दोन वर्षांनी जॉर्ज शेफरने लॉस एंजेलिसमध्ये ओडोन्टोरियम प्रॉडक्ट्स नावाची दातांच्या सामानाची छोटी कंपनी विकत घेतली, बघतो तर काय, नेल टेक्निशियन्स येऊन कवळीचं ॲक्रिलिक घेऊन जातायत. मग शेफरने पावडर, लिक्विड आणि प्रायमरच्या (नखावर आधी लावायच्या लिक्विडच्या) बरण्या रबर बँडने एकत्र बांधून सलून-सलूनमध्ये नेऊन विकल्या. ओपीआय ह्या नेलपॉलिश ब्रँडचं नाव ओडोन्टोरियम प्रॉडक्ट्स इंक ह्याच शब्दांवरून आहे, नेलपॉलिशच्या बाटलीवर आपण दातांच्या दुकानाचं नाव वाचत असतो.

पण मटेरियल असून चालत नाही, हात लागतात. १९७५ मध्ये व्हिएतनाम युद्ध संपल्यावर अभिनेत्री टिप्पी हेड्रन कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळच्या होप व्हिलेज ह्या निर्वासितांच्या छावणीत मदतीला जायची. तिथल्या बायकांना तिची नखं फार आवडायची, म्हणून तिने स्वतःच्या मॅनिक्युरिस्टला विमानाने बोलावून त्यांना शिकवायला लावलं आणि वीस जणींना ब्युटी स्कूलमधून लायसन्स मिळवून दिलं. त्या वीस जणींनी बहिणींना, भाच्यांना शिकवलं, आणि आज अमेरिकेतल्या नेल टेक्निशियन्समध्ये निम्म्याच्या आसपास व्हिएतनामी वंशाच्या आहेत असं मानलं जातं. इंग्रजी फारसं न येता, थोड्या महिन्यांच्या शिक्षणावर घर चालवता येईल असं काम होतं ते. ह्यांच्यामुळेच ॲक्रिलिकचे दर उतरले आणि हौस साध्या नोकरी करणाऱ्या बाईच्या हातापर्यंत आली. त्याची किंमत त्यांनी फुप्फुसांनी आणि कातडीने मोजली हेही विसरू नये, आपण दोन-तीन आठवड्यांतून एकदा तासभर तो वास घेतो, त्या दिवसभर तो वास आणि घासलेल्या नखांची धूळ घेतात. सलूनमध्ये खिडकी किंवा एक्झॉस्ट आहे का हे मी आता आधी बघते.

प्रेस-ऑनची कथा वेगळ्या वळणाने जाते आणि तिचा हिरो आहे गोंद. १९४२ मध्ये कोडॅकमधल्या हॅरी कूव्हरला युद्धासाठी बंदुकीच्या साइटचं, म्हणजे नेम धरायच्या भागाचं, पारदर्शक प्लास्टिक शोधताना सायनोॲक्रिलेट सापडलं, पण ते हात लावेल तिथे चिकटत होतं म्हणून त्याने बाजूला टाकलं. १९५८ मध्ये तेच बाजारात आलं, आपण ज्याला सुपर ग्लू म्हणतो ते. नेल ग्लू म्हणजे त्याच कुटुंबातला. त्याला घट्ट व्हायला नुसता पृष्ठभागावरचा ओलावा पुरतो, म्हणून बोटाला आधी चिकटतो.

१९८० च्या दशकात ली प्रेस-ऑन नेल्स घरोघरी पोचली, आणि ही ली फार्मास्युटिकल्स कंपनीसुद्धा दातांचं फिलिंग आणि ब्रेसेस चिकटवायचं मटेरियल बनवायची, म्हणजे फिरून तिथेच. ती नखं चिकट टॅबवर बसायची आणि पटकन निघायची, हात धुतला की एक गेलं, पर्समध्ये हात घातला की दुसरं गेलं. प्रेस-ऑन म्हणजे हलकं, खोटं, शाळकरी मुलींचं, हा शिक्का तेव्हा बसला तो पुढे तीस वर्षं गेला नाही. दुसरीकडे १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकन धावपटू फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनर लांब रंगवलेली नखं घेऊन धावली, २०० मीटरचा २१.३४ सेकंदांचा विक्रम केला, आणि लांब नखांनी काही करता येत नाही हे बोलायची सोय राहिली नाही.

मधे २०१० मध्ये शेलॅक आलं, जेल पॉलिश, लाइटखाली घट्ट होणारं, त्याने ॲक्रिलिकचं बरंच गिऱ्हाईक नेलं. तो वेगळा विषय आहे.

प्रेस-ऑनचं नशीब फिरलं २०२० मध्ये. सलूनं बंद, ॲक्रिलिक वाढत चाललेलं, इनफिल करायला, म्हणजे मागे पडलेली फट भरायला, कोणी नाही, लोकांनी घरीच ॲसिटोनमध्ये बोटं बुडवून काढलं आणि प्रेस-ऑनकडे वळले. आणि बघतात तर हे जुनं प्रेस-ऑन नव्हतंच, पातळ, क्यूटिकलपाशी, म्हणजे नखाच्या मुळाशी, आणखी पातळ केलेलं, पाकिटात वेगवेगळ्या मापांची नखं. सलून बंद असलेल्या कित्येक नेल आर्टिस्टनी घरी बसून जेलने हाताने रंगवलेले सेट विकायला सुरुवात केली, तेही मापाप्रमाणे. म्हणून आता 'सलूनचं काम' आणि 'प्रेस-ऑन' अशी सरळ विभागणी राहिलेलीच नाही, त्याच बाईने केलेलं तेच काम तुमच्याकडे डबीतून येऊ शकतं.

मग उरतो तो खरा फरक, चिकटलेलं राहणं आणि निघणं. बोटाचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, ॲक्रिलिक त्याच्याबरोबर पुढे सरकतं, मागे फट पडते आणि सगळं वजन टोकाकडे जातं, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी इनफिल लागतंच, ते टाळलं की नख उचकटतं, आत पाणी जातं आणि कधी हिरवा डाग पडतो, तो स्युडोमोनास नावाच्या जिवाणूचा असतो. प्रेस-ऑनला हे बंधन नाही पण गोंद लावून आठवडाभर ठेवलं आणि ओढून काढलं तर तेही नखाचा थर सोलून नेतं, कोमट साबणाच्या पाण्यात हात धरून हळूहळू कडेने सोडवायला हवं. अमेरिकेच्या सीडीसी ह्या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २००२ च्या सूचनांमध्ये अतिजोखमीच्या रुग्णांना हाताळणाऱ्यांनी नकली नखं लावू नयेत असं स्पष्ट आहे, त्यामुळे नर्स असलेल्या मैत्रिणीला मी फक्त टॅबवालं प्रेस-ऑन सांगते, सुट्टीच्या दिवशी लाव आणि ड्युटीच्या आधी काढ. रोज कीबोर्डवर, रोज भांड्यांत हात आणि तरी लांबी हवीच असेल तर चांगल्या हाताचं ईएमए ॲक्रिलिकच टिकेल, ह्यात मला शंका नाही. बाकी बहुतेक जणींना प्रेस-ऑन पुरतं असं माझं मत आहे.

आणि एक गोष्ट मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचीय. घरी करायच्या ॲक्रिलिक आणि जेल किटमध्ये कच्चा मोनोमर कातडीला लागला की ॲलर्जी होऊ शकते आणि ती एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते. २०१८ मध्ये ब्रिटिश असोसिएशन ऑफ डर्मॅटॉलॉजिस्ट्सने इशारा दिला तेव्हा ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये तपासलेल्या रुग्णांपैकी २.४ टक्के लोकांना मेथाक्रिलेटची ॲलर्जी निघाली होती. युरोपात हेमा हा नखांच्या प्रॉडक्ट्समधला मेथाक्रिलेट घटक आता फक्त प्रोफेशनल वापरासाठी आहे आणि टीपीओ, जेल लाइटखाली घट्ट करणारा घटक, १ सप्टेंबर २०२५ पासून बंदच. बोटांच्या टोकांना भेगा, नखाभोवती खाज, पापण्या सुजणं, असं काही झालं तर लगेच थांबा आणि स्किनच्या डॉक्टरकडून पॅच टेस्ट (कातडीवर लावून करायची ॲलर्जीची तपासणी) करून घ्या. कारण हेच मेथाक्रिलेट हाडांच्या सिमेंटमध्ये असतं, गुडघा बदलताना लागतं, आणि दातांच्या फिलिंगमध्येही असतं, म्हणून टेस्ट पॉझिटिव्ह आली तर ते सगळ्यात आधी आपल्या डेंटिस्टला सांगावं लागतं.