कोंडवाड्याला डॉक्टर कधी मिळाला?

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वेस्थानकं इथली भटकी कुत्री उचलावीत, त्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण करावं, त्यांना निवाऱ्यात ठेवावं आणि पकडलेल्या जागी परत सोडू नये. सोलापुरापुरतं बोलायचं तर एसटी स्टँड, सिव्हिल हॉस्पिटलचं आवार, रेल्वे स्टेशन, शाळांची मैदानं. लगेच चर्चा सुरू झाली ती जागेची आणि पैशांची: शेड कुठे घालायची, कुत्र्यामागे खर्च किती, तो द्यायचा कुणी. त्या निवाऱ्याचा मुख्य पशुवैद्य कोण असणार आणि त्याच्या हातात कोणते निर्णय असणार, हे फारसं कुणी विचारलं नाही. मला हाच प्रश्न सगळ्यांत आधीचा वाटतो. तो मागे का पडला, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं, थेट कोंडवाड्यापर्यंत.

कोंडवाडा हा शब्दच सगळं सांगतो. १८७१ च्या कायद्याने त्याला सरकारी रूप आलं. दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर कोंडवाड्यात घालायचं, मालकाने दंड आणि चाऱ्यापाण्याचा खर्च भरून ते सोडवून न्यायचं. सात दिवसांत कुणी आलं नाही तर पोलिसांना कळवायचं, नोटीस लावायची आणि लिलाव करायचा. कोंडवाड्याच्या रखवालदाराने जनावराला खाऊ-पिऊ घालायचं आणि वही लिहायची. ही वही होती दंडाची आणि लिलावाची. जनावर लंगडतंय का, नाकातून पाणी वाहतंय का, शेजारच्या बैलाला त्याच्यापासून काही होईल का, असा रकाना त्या व्यवस्थेत नव्हता. जनावर म्हणजे कुणाची तरी मालमत्ता, आणि ती आठवडाभर सांभाळायची, एवढाच हिशेब.

दुसरी परंपरा पांजरापोळाची. सोलापुरात पांजरापोळ चौक रोज हजारो लोक ओलांडतात. रिक्षावाल्याला नाव सांगितलं की तो तिथे सोडतो, पण नावाचा अर्थ किती जणांच्या मनात येतो कोण जाणे. म्हाताऱ्या, भाकड, लंगड्या जनावरांना मरेपर्यंत चारा घालणारी ही जागा. तिच्यामागे जैन, गुजराती, मारवाडी व्यापाऱ्यांची दानाची परंपरा. मुंबईत १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहर बंद पडलं. त्यानंतर दोनच वर्षांत, १८३४ मध्ये, मुंबईचं पांजरापोळ उभं राहिलं. कोंडवाड्यात दंड होता आणि इथे पुण्य, हा फरक खरोखर मोठा आहे. पण जनावराला नेमकं काय झालंय हे विचारण्याची पद्धत पांजरापोळातही उशिराच आली. दया होती आणि ती मनापासून होती. मात्र आजारी जनावर निरोगी जनावराशेजारी बांधलं जात होतं.

डॉक्टर आला तो निराळ्या वाटेने. १८८६ साली मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्या काळी पशुवैद्याची गरज कुणाला होती? पलटणीच्या घोड्यांना आणि शेतीच्या बैलांना. बुळकांडी, घटसर्प, फऱ्या यांनी गावंच्या गावं गुरांवाचून ओस पडायची. स्वातंत्र्यानंतर १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यांतले पशुवैद्यकीय दवाखाने त्यांच्याकडे गेले. आपल्या जिल्ह्यात जनावरांचा डॉक्टर म्हटलं की आजही आठवते ती मोटारसायकल, मागे अडकवलेली पेटी, गोठ्यातली अडलेली म्हैस आणि लाळ-खुरकूतची लस. गड्ड्याच्या यात्रेत खिलार बैल पाहायला जाणाऱ्या माणसाला पशुवैद्याचं मोल सांगावं लागत नाही. कुत्रं या चित्रात कुठेच नव्हतं. शहरातल्या मालक नसलेल्या कुत्र्याचा डॉक्टर ही कल्पनाच नव्हती.

आता जरा वाट वाकडी करतो, कारण इथे सोलापूरकरांना एक गोष्ट इतरांपेक्षा जास्त ठाऊक आहे. दुष्काळात सांगोला, मंगळवेढ्याकडे चारा छावण्या उघडतात. २०१२-१३ मध्ये उघडल्या, २०१८-१९ मध्ये उघडल्या. शेकडो जनावरं, वेगवेगळ्या गावांची, एका माळावर दावणीला. तिथे काम करणाऱ्या डॉक्टरला विचारा. एकेका जनावराचा आजार हा त्याच्या कामाचा लहान भाग असतो. एका दावणीला लाळ-खुरकूत दिसली की शेजारच्या दावणीचं काय, नवीन आलेलं जनावर आधी कुठे बांधायचं, पाण्याची टाकी कोण धुतं, शेण कुठे टाकलं जातं, कानातला बिल्ला आणि वहीतली नोंद जुळते का, यात त्याचा दिवस जातो. निवाऱ्याच्या मुख्य पशुवैद्याचा खरा पूर्वज मला पाळीव कुत्र्यांच्या दवाखान्यात दिसत नाही, तो या छावणीतल्या डॉक्टरमध्ये दिसतो. गर्दीचं वैद्यक त्याने आधीच केलेलं आहे.

कुत्र्यांचा इतिहास मात्र विषाचा आहे. आमच्या लहानपणी गल्लीतून कुणीतरी ओरडत जायचं, "औषध टाकलंय, कुत्रं आत घ्या!" औषध म्हणजे कुचला. सकाळी नाल्याच्या कडेला ताठ झालेली कुत्री पडलेली असायची, पाय लाकडासारखे. आम्ही पोरं तिकडे न बघता शाळेत जायचो. भीतीही खोटी नव्हती. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेला माणूस, एकदा लक्षणं दिसू लागली की, जवळजवळ कधीच वाचत नाही. पोटात घ्यायच्या चौदा इंजेक्शनांची दहशत घरोघर होती. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती जुनी लस आपल्याकडे वापरातून गेली २००४-०५ च्या सुमारास.

कायद्यानेही हा मार्ग बराच काळ मोकळा ठेवला होता. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या विषयातून १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आला. हृदयात कुचल्याचं इंजेक्शन देऊन मारणं त्याने गुन्हा ठरवलं, पण मारण्याच्या कोठडीत भटकी कुत्री संपवण्याला सूट दिली. म्हणजे पशुवैद्य जर कुठे लागलाच, तर शेवटच्या टोकाला. मद्रासमध्ये ब्लू क्रॉस ऑफ इंडिया या प्राणिसंस्थेने १९६४ पासून नसबंदीचा मार्ग मांडला. तिथल्या महापालिकेने तो स्वीकारायला १९९६ उजाडलं. सोलापूरची महापालिकाही १९६४ चीच. एक अख्खी पिढी मधे गेली.

मग आलं २००१ साल, आणि त्या एका वर्षात दोन नियमावल्या आल्या. एक सगळ्यांना माहीत आहे: श्वान जन्मनियंत्रणाची. कुत्री पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस टोचा, त्याच भागात सोडा. दुसरी फारशी कुणी वाचलेली दिसत नाही. ती होती जिल्हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक सोसायट्यांची. प्रत्येक जिल्ह्यात अशी सोसायटी असावी, तिच्याकडे प्राण्यांचा दवाखाना आणि निवारा असावा, तिथे पूर्णवेळ पशुवैद्य आणि इतर कर्मचारी असावेत, आणि शिवाय एक व्यवस्थापक असावा. पूर्णवेळ पशुवैद्य वेगळा, व्यवस्थापक वेगळा. कोंडवाड्याच्या रखवालदाराचं काम आणि डॉक्टरचं काम ही दोन माणसांची कामं आहेत, हे कायद्यात लिहायला १८७१ पासून १३० वर्षं लागली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सगळ्यांत महत्त्वाचा कागद आहे.

प्रत्यक्षात चाललं ते पहिल्या नियमावलीचं, आणि तेही आकड्यांच्या अंगाने. ठेका निघतो तो प्रत्येक शस्त्रक्रियेमागच्या दरावर. बिलाला पुरावा म्हणून काढलेले अवयव मोजायचे, कानाला खाच पाडायची, पिंजरा रिकामा करायचा, पुढचं कुत्रं. डॉक्टर म्हणजे टेबलाशी उभा असलेला हात. कुतरीच्या पोटातून गर्भाशय आणि बीजांडं काढणं ही लहान शस्त्रक्रिया नव्हे. धागा सैल बांधला गेला तर ती आतल्या आत रक्त जाऊन मरते, आणि लवकर सोडली तर रस्त्यावर टाके उसवतात. ते पाहायला तिथे कुणीच नसतं. २०२३ च्या नव्या नियमांनी हे बरंच आवळलं. केंद्राला भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता लागते, शस्त्रक्रियेच्या खोलीत सीसीटीव्ही लागतो, नंतर किमान ४ दिवस देखरेख लागते, आणि अशा २००० शस्त्रक्रियांचा अनुभव असलेला पशुवैद्य लागतो. या अटीवर केरळसारख्या राज्यातून तक्रार झाली की असे डॉक्टर आणायचे कुठून. तक्रार खरी आहे. पण हात बसल्याशिवाय रोज वीस-पंचवीस पोटं उघडू देणं हेही बरोबर नाही.

तोवरच्या व्यवस्थेत कुत्रं चार-पाच दिवसांचा पाहुणा होतं. नोव्हेंबरच्या आदेशानंतर त्यातली काही कायमची मुक्कामाला येणार, आणि मुख्य पशुवैद्याचं काम मुळापासून बदलणार.

ते कसं, हे थोडं सविस्तर सांगायला हवं. नवीन आलेलं कुत्रं थेट इतरांत सोडता येत नाही. डिस्टेंपर आणि पार्व्हो हे कुत्र्यांचे पटकन पसरणारे रोग. डिस्टेंपर अंगात असेल तर लक्षणं दिसायला दिवस लागतात, आणि पार्व्होचा विषाणू फरशीवर महिनोन्महिने टिकतो. तो साध्या फिनेलने जात नाही, ब्लीच लागतं, आणि ब्लीचच्या आधी फरशी धुवायला पाणी लागतं. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात टँकर कधी येणार हा म्हणूनच वैद्यकीय प्रश्न आहे. मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो. पत्र्याच्या शेडखाली भूल उतरत असलेल्या कुत्र्याला आपल्या अंगाची उष्णता सावरता येत नाही, म्हणून शस्त्रक्रिया भल्या सकाळीच उरकाव्या लागतात. भटक्या कुत्र्यांत लिंगावर, योनीत होणारी ती रक्ताळ गाठ, टीव्हीटी, दिसायला भयंकर, पण व्हिंक्रिस्टीन या कर्करोगावरच्या औषधाच्या आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी बहुतेकदा बरी होते. ते न जाणणारा माणूस अशा कुत्र्याला मारायच्या यादीत टाकेल. कुत्री हाताळणाऱ्या प्रत्येक माणसाला चावा लागण्याआधीच रेबीजची लस मिळाली का, हेही डॉक्टरनेच बघायचं. पिसाळल्याचा संशय असलेलं कुत्रं वेगळं ठेवायचं, रेबीज खरोखर असेल तर ते साधारण १० दिवसांत मरतं. ही कोठडी कुठे आणि तिची किल्ली कुणाकडे, यावर कामगारांचा जीव असतो.

आणि मरण देण्याचा निर्णय. नियमांनी तो बरा न होणाऱ्या किंवा प्राणांतिक जखमी कुत्र्यापुरता ठेवला आहे, औषधही ठरवलं आहे, आणि एका कुत्र्यासमोर दुसऱ्याला मारायचं नाही असंही लिहिलं आहे. कुचल्याच्या लाडवापासून इथवर आपण आलो. पण पिंजरे कमी पडले की 'बरा न होणारा' या शब्दांचा अर्थ सैल होऊ लागतो. तो घट्ट धरून ठेवायचा तर डॉक्टरवर जागेचा दबाव असून चालत नाही.

अमेरिकेतली शहरं याच वाटेने आधी गेली. न्यूयॉर्कमध्ये पकडलेली कुत्री लोखंडी पिंजऱ्यात घालून नदीत बुडवत. १८९४ साली तिथलं काम प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्थेकडे गेलं तेव्हा हे थांबलं. निवाऱ्याचं वैद्यक ही स्वतंत्र शाखा मात्र तिथेही अगदी अलीकडची. तिथल्या निवारा-पशुवैद्यांच्या संघटनेने निवाऱ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं पहिल्यांदा काढली २०१० मध्ये, सुधारली २०२२ मध्ये. त्यातलं मध्यवर्ती सूत्र एकच: जेवढ्यांची नीट काळजी घेता येईल तेवढेच प्राणी आत घ्या. नुसते पिंजरे किती आहेत यावरून ही संख्या ठरत नाही. ती रोज सकाळी किती माणसं कामावर आली यावरूनही ठरते.

आपल्याकडे ही संख्या ठरवायची कुणी? बहुतेक ठिकाणी पशुवैद्य प्रतिनियुक्तीवर किंवा अकरा महिन्यांच्या करारावर असतो. खरेदीची सही दुसऱ्याची, गाडी कुठे जाईल हे तक्रारींच्या फोनवरून ठरतं, आणि रोगाची साथ आली की उत्तर मात्र डॉक्टरला द्यावं लागतं. २००१ च्या नियमातला तो पूर्णवेळ पशुवैद्य पदनिर्मितीच्या ठरावात उतरवायचा असेल तर त्यात पगाराच्या श्रेणीबरोबर तीन वाक्यं हवीत. नवीन कुत्री किती दिवस वेगळी राहतील हे तो ठरवेल. औषधं आणि ब्लीच यांच्या तातडीच्या खरेदीला त्याची एकट्याची सही पुरेल. आणि संध्याकाळी फाटकाशी भरलेली गाडी उभी असताना "आज आत जागा नाही" असं त्याने वहीत लिहिलं, तर ती गाडी आत घेण्याचा हुकूम दुसऱ्या कुणालाही देता येणार नाही.