‘परमिट रूम’ या पाटीमागचा कायदा

महाराष्ट्रात बारच्या पाटीवर आजही ‘परमिट रूम’ असं लिहिलेलं असतं. हा शब्द दारूबंदीच्या काळातला आहे, आणि ती दारूबंदी कागदावर कधी उठलेलीच नाही. शेजारच्या गुजरातमध्ये दारू बंद आणि इथे खुली, हे दोन वेगळ्या कायद्यांमुळे झालं असं अनेकांना वाटतं. मुळात कायदा एकच होता.

अबकारीचा, म्हणजे दारूवरचा कर आणि नियंत्रण यांचा, विषय प्रांतांकडे सोपवला गेला तो १९१९ च्या सुधारणांपासून. राज्यघटनेनेही मद्याचं उत्पादन, बाळगणं, वाहतूक आणि विक्री हे सगळं राज्यांच्या सूचीत ठेवलं, आणि त्याच वेळी अनुच्छेद ४७ मध्ये दारूबंदीच्या दिशेने प्रयत्न करावेत असंही सांगितलं. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा पिण्याची दारू त्याबाहेर राहिली. त्यामुळे दारूवरचा कर अजूनही राज्याच्याच तिजोरीत जातो, आणि बंदी घालायची की नाही याचा हिशेबही तिथेच होतो.

मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. दारू गाळणं, विकणं, जवळ ठेवणं, पिणं सगळंच गुन्हा ठरलं. सवलत फक्त परवाना असलेल्याला. हे प्रकरण न्यायालयात गेलं. १९५१ च्या निकालाने अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं बंदीतून सोडवली, पण कायद्याचा बराचसा भाग टिकला. परवान्याची पद्धतही टिकली. प्रकृतीसाठी दारू आवश्यक आहे असं वैद्यकीय प्रमाणपत्र आणायचं, परमिट काढायचं, आणि हॉटेलात परमिटधारकांसाठी राखलेल्या खोलीत बसून प्यायची. ती खोली म्हणजे परमिट रूम.

१ मे १९६० ला राज्य दुभंगलं, पण हा कायदा दोन्हीकडे राहिला. गुजरातने बंदी धरून ठेवली. महाराष्ट्राने कायदा रद्द केला नाही, फक्त परवाना मिळवणं सोपं करत नेलं. १९७३ च्या नियमांनी देशी दारूची दुकानंही आली. आज एका दिवसाचं परमिट देशीसाठी २ रुपयांना आणि विदेशीसाठी ५ रुपयांना मिळतं. बिअर-वाइनला वयाची अट २१, बाकी दारूला २५. पिणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते परमिट हातात धरलेलं असतं, तरी कायद्याच्या नजरेत परमिटशिवाय पिणारा आजही गुन्हेगारच आहे. सगळ्यांनी मोडायचा नियम पुस्तकात ठेवला की तो पोलिसाच्या मर्जीवर चालतो. माझ्या मते या कायद्याचं सगळ्यात मोठं नुकसान तेच आहे. गुजरातमध्येही प्रकृतीच्या कारणावरून आणि बाहेरून आलेल्या पाहुण्यांना परमिट मिळतं. २०२३ च्या अखेरीस तिथल्या गिफ्ट सिटी या वित्तीय केंद्रात अशीच एक फट आणखी रुंद केली गेली.

इतर राज्यांचा प्रवास सरळ नाही. आंध्र प्रदेशाने १९९५ मध्ये बंदी आणली आणि दोन वर्षांत मागे घेतली. हरियाणात १९९६ ते १९९८ एवढीच ती टिकली. बिहारमध्ये २०१६ पासून आहे. मिझोरामने बंदी घातली, उठवली आणि २०१९ मध्ये पुन्हा घातली. तमिळनाडूने बंदीऐवजी २००३ पासून किरकोळ विक्रीच सरकारी दुकानांकडे घेतली.

महाराष्ट्रात मात्र बंदीचा निर्णय गावापर्यंत खाली आला, आणि तो आणला बायकांनी. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. अडचण मोजणीत आहे. झालेल्या मतांपैकी निम्मी मतं पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक आडवीच्या बाजूने लागतात. लग्न होऊन गेलेली, ऊसतोडीला गेलेली, यादीतून नाव न निघालेली मयत बाई, या सगळ्या आपोआप उभ्या बाटलीकडे मोजल्या जातात. आमदार निवडून द्यायला ही अट नाही, मग दुकान बंद करायलाच का?

जिल्ह्यांचीही तीच ओढाताण आहे. वर्धा १९७० च्या दशकापासून कोरडा आहे, गडचिरोली १९९३ पासून. चंद्रपूरमध्ये १ एप्रिल २०१५ ला बंदी आली. अवैध विक्री वाढली आणि महसूल बुडाला अशी कारणं पुढे करून २०२१ मध्ये ती उठवली. त्यामुळे आज वैनगंगेच्या चंद्रपूरकडच्या काठावर परवान्याचं दुकान उघडं असतं, आणि तिथली बाटली घेऊन पूल ओलांडून गडचिरोलीत गेलं की गुन्हा दाखल होऊ शकतो.