पाय काढला की फटाके का वाजतात?

उतार लागतो, एक्सिलरेटरवरून पाय निघतो, गाडी गिअरमध्येच हळू होऊ लागते आणि मागून फट्‌-फट्‌ सुरू होते. दोष सायलेन्सरला दिला जातो. त्या बिचाऱ्याच्या पोटात फक्त स्फोट होतो. कारण बहुतेक वेळा पुढे, इंजिनपाशी असतं. सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल तापलेल्या एक्झॉस्टमध्ये, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळीत आलं आणि तिथे त्याला हवा मिळाली, की ते पेटतं. उष्णता तिथे असतेच. मग पेट्रोल आणि हवा यांपैकी आगंतुक कोण, एवढंच शोधायचं. आणि ते गाडी किती जुनी आहे यावर ठरतं.

जुन्या, कार्ब्युरेटरच्या (हवेच्या ओढीवर पेट्रोल मिसळणाऱ्या) गाडीत थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, मिटला की इनटेकमध्ये, हवा आत घेण्याच्या मार्गात, जबरदस्त व्हॅक्यूम तयार होतो आणि त्या ओढीने पेट्रोल येतच राहतं. सिलिंडरमध्ये मात्र ताजी हवा जेमतेम आणि आधीचा जळका वायू फार, त्यामुळे ठिणगी पडूनही मिश्रण धड पेटत नाही. ते तसंच बाहेर पडतं. इथे पेट्रोल घरचंच. हवा कुठून शिरली ते बघायचं. एक्झॉस्टमधला दाब सतत हेलकावे खातो, आणि दाबाच्या प्रत्येक लाटेमागून क्षणभर तो बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जाऊ शकतो. मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटला, म्हणजे जोडातल्या पट्टीला, फट असेल तर एरवी जिथून धूर बाहेर येतो, तिथूनच त्या क्षणी हवा आत ओढली जाते.

नव्या, इंजेक्शनच्या (कंप्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत सगळं उलटं. पाय काढला आणि इंजिनाचा वेग पुरेसा असला, तर कंप्युटर पेट्रोलच बंद करतो आणि पिस्टन नुसती हवा ढकलत राहतात. आता हवा घरची, पेट्रोल आगंतुक. ते बंद झाल्यावरही ठिबकणाऱ्या इंजेक्टरमधून येतं, किंवा टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तर तिथून. याही गाडीत मॅनिफोल्डची फट निर्दोष नसते. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या अलीकडे बाहेरची हवा शिरली की सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, म्हणजे त्यात पेट्रोल कमी आहे, मग कंप्युटर गरज नसताना पेट्रोल वाढवतो. पेट्रोल बंद होण्याआधीच्या त्या काही क्षणांत हे जादा पेट्रोल न जळता बाहेर पडलं, तर फटाका वाजतो.

महागडे भाग बदलण्याआधी, इंजिन थंड असताना, मॅनिफोल्डचे जोड टॉर्चने बघावेत. गळक्या गॅस्केटच्या कडेला काजळीचा पिसाऱ्यासारखा काळा फराटा उमटलेला असतो. मग इंजिन सुरू करून कान द्यावा. टक्‌-टक्‌ येत असेल आणि गरम झाल्यावर थांबत असेल, तर धातू प्रसरण पावून फट बुजते आहे. म्हणूनच तापलेली गाडी तपासायला नेली की दोष सापडत नाही. जोड कोरडे-स्वच्छ निघाले तर स्पार्क प्लग काढावेत: टोकावर मऊ काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. चारांतला एकच काळा असेल तर त्याच सिलिंडरचा इंजेक्टर, ठिणगीला वीज देणारी कॉइल आणि तो प्लग हे संशयित.

काही वेगवान गाड्यांत हा आवाज ठिणगी उशिरा पाडून मुद्दाम काढतात. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण इथे ते धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मोजतो: पेट्रोल तिथे जळत राहिलं तर आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. नवा मोकळा सायलेन्सर बसवल्यापासूनच फटाके वाजत असतील, तर आधी दबून जाणारे बारीक स्फोट आता ऐकू येत असतील, नाहीतर बसवताना सुटलेला जोड हवा ओढत असेल. त्यामुळे तपासणी तिथूनच सुरू करावी.