मूल नसण्याविषयी लिहिणं: लेखनोपचाराची पार्श्वभूमी

कागदावर मन मोकळं केलं की हलकं वाटतं, हे कुणाला शोधून काढावं लागलेलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्नात दडपलेली आठवण बोलून बाहेर काढण्याचा उपचार सुरू झाला आणि १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये रोजनिशीच्या कार्यशाळा भरू लागल्या. लेखनोपचाराचं, म्हणजे क्लेशाविषयी ठरवून लिहिण्याच्या उपायाचं, मोजमाप मात्र १९८६ साली आलं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने ४६ विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं. आघाताच्या प्रसंगाबद्दल एका गटाने नुसत्या घटना लिहायच्या, दुसऱ्याने नुसत्या भावना आणि तिसऱ्याने दोन्ही. चौथ्या गटाला किरकोळ विषय दिले. दोन्ही लिहिणारे उठले तेव्हा त्यांचा रक्तदाब वाढलेला होता आणि मनही खट्टू होतं. पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नुसत्या घटना लिहिणाऱ्यांना असा फायदा दिसला नाही.

मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्यांच्या बाबतीत हे शेवटचं निरीक्षण फार कामाचं आहे, कारण त्यांच्याकडे वही बहुधा आधीपासूनच असते: ‘दिवस ११. उजवीकडे १७ मिमी, अस्तर ८. इंजेक्शन रात्री साडेदहा, चुकवू नये.’ पाळीचा दिवस, बीजकोषाचं माप, गर्भाशयाच्या अस्तराची जाडी, औषधाची वेळ. डॉक्टरांपुढे ठेवायला ही वही उत्तम, पण त्या प्रयोगाच्या भाषेत ती पहिल्या गटातली. ‘आम्ही तर रोज लिहितो, तरी काही फरक नाही’ असं म्हणणाऱ्यांची वही उघडली, तर बहुतेकदा अशाच नोंदी निघतात.

मूळ पद्धत साधी होती. तीन-चार दिवस, १५ ते २० मिनिटं, मध्ये न थांबता लिहायचं. शुद्धलेखन बघायचं नाही. अडलं तर शेवटचं वाक्य पुन्हा लिहायचं. कुणाला दाखवायचं नाही, हवं तर फाडून टाकायचं. लिहिताना तोल जातोय असं वाटलं, तर तिथेच विषय बदलायचा. हा शेवटचा नियम लोक हमखास विसरतात. पुढे या लेखनातले शब्द मोजले गेले. ज्यांना फायदा झाला, त्यांच्या लेखनात दिवसागणिक कारण जोडणारे आणि उमज दाखवणारे शब्द वाढत गेले होते. मराठीत सांगायचं तर ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘आता लक्षात येतं’. चौथ्या दिवशीचं पान पहिल्या दिवशीच्याच पानासारखं असेल, तर ते उगाळणं झालं.

१९९८च्या एका आढाव्यात १३ अभ्यासांची बेरीज उत्साह वाढवणारी निघाली. २००६मध्ये १४६ अभ्यास एकत्र केले, तेव्हा परिणाम खरा पण लहान ठरला. २०१३चा एक अभ्यास तर उलटाच निघाला: जोडीदारापासून नुकते वेगळे झालेल्यांपैकी जे आधीच ‘असं का झालं’ याचा अर्थ शोधण्यात अडकले होते, ते भावना लिहून जास्त रेंगाळले. दिवसभराच्या साध्या नोंदी लिहिणारे त्यांच्यापेक्षा लवकर सावरले.

खरा गुंता ‘आघात’ या शब्दात आहे. आघातोत्तर ताणाचा विकार (पीटीएसडी) मानसिक आजारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत आला १९८० साली. आघात कशाला म्हणायचं, याची रेघ नंतर पुढेमागे होत राहिली. २०१३च्या आवृत्तीने ती आवळली: मृत्यू किंवा त्याचा धोका, गंभीर इजा, लैंगिक हिंसा. गर्भनलिकेतला गर्भ फुटून जीवावर बेतलं, तर ते या व्याख्येत बसतं. सातव्यांदा गर्भधारणेची चाचणी नकारार्थी आली, तर ते बसत नाही. पुस्तिकेची अडचण कळते. व्याख्या सैल सोडली तर निदानाला अर्थ उरणार नाही. पण लेखनोपचाराने तोच साचा उसना घेतला, आणि इथे तो अपुरा पडतो. ‘आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक प्रसंगाविषयी लिहा’ ही सूचना प्रसंग गृहीत धरते, म्हणजे जागा, वेळ, आधी आणि नंतर. मूल नसण्याला तारीख नसते. दर महिन्याला थोडं संपतं आणि ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून पुन्हा सुरू होतं. शेवट झाला हे जाहीरही कुणी करत नाही. शोकाच्या अभ्यासकांकडे याला जवळचे शब्द होते: १९७०च्या दशकातला ‘संदिग्ध वियोग’, म्हणजे ज्याला धड शेवट नसतो असा, आणि १९८९चा ‘अमान्य शोक’, म्हणजे ज्याला भोवतालचे शोक मानतच नाहीत असा. लेखनाच्या सूचनांपर्यंत ते पोचायला फार उशीर झाला.

त्यात ‘वंध्यत्व’ आणि ‘अपत्यहीनता’ यांची सरमिसळ. वंध्यत्व ही वैद्यकीय व्याख्या: १२ महिने प्रयत्न करूनही गर्भ न राहणं. २०२३च्या जागतिक अंदाजानुसार दर सहा प्रौढांपैकी साधारण एकाच्या वाट्याला आयुष्यात कधीतरी ते येतं. त्यातल्या अनेकांना पुढे मूल होतं. उलट जोडीदार मिळाला नाही, मिळाला पण त्याला मूल नको होतं, कर्करोगाच्या उपचारांत वय निघून गेलं, अशांना वंध्यत्वाचं निदान नसतं, तरी मूल नसतंच. अभ्यास मात्र जवळजवळ सगळे रुग्णालयातल्या जोडप्यांवर झाले, कारण तिथे माणसं सापडतात.

लेखनोपचाराच्या दोन चाचण्या शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. गर्भारपणात बाळ गमावलेल्या २२८ पालकांवरची जर्मन चाचणी २०१३ची: पाच आठवडे, इंटरनेटवरून दहा लेख आणि त्यांवर उपचारकाचं लेखी उत्तर. आघाताची लक्षणं आणि लांबलेला शोक, दोन्ही कमी झाले. २०१७च्या डॅनिश चाचणीत उपचार घेणाऱ्या जोडप्यांना थोडक्या बैठकींचं लेखन दिलं. नैराश्याची लक्षणं कमी झाली, पण वंध्यत्वाचा म्हणून जो क्लेश मोजला होता, तो तसाच राहिला. जर्मन उपक्रमात बैठका जास्त आणि उत्तर देणारं माणूसही होतं, त्यामुळे तुलना सरळ नाही. तरीही पहिल्या ठिकाणी लिहायला एक प्रसंग होता आणि दुसऱ्या ठिकाणी तो चालूच होता, याकडे काणाडोळा करता येत नाही.

त्या जर्मन उपक्रमाचा सांगाडा १९९०च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅमस्टरडॅममध्ये तयार झाला होता. आधी प्रसंग वर्तमानकाळात, बारीकसारीक तपशिलांसह लिहायचा. मग याच अवस्थेतल्या काल्पनिक मैत्रिणीला धीराचं पत्र. शेवटी निरोपाचं पत्र. प्रसंग नसेल तर पहिला टप्पा बदलावा लागतो. ‘मूल नाही’ यावर न लिहिता एकच दृश्य घ्यायचं: प्रतीक्षागृहातली खुर्ची, फोनवर रक्तचाचणीचा आकडा सांगणारा आवाज, कुणाच्या तरी बारशाचं आमंत्रण. न जन्मलेल्या बाळाला पत्र लिहायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण ते पहिल्याच दिवशी लिहिलं आणि खाली ‘तुझी आई’ अशी सही केली, की तिथून मागे फिरणं अवघड जातं. मैत्रिणीचं पत्र आधी झालेलं असेल, तर ते पेलतं.

उपचारात गर्भ गर्भाशयात सोडल्यापासून गर्भधारणेच्या चाचणीपर्यंतचे दोन आठवडे लिहायला सर्वांत वाईट. त्या दिवसांत प्रत्येक पान लक्षणांची यादी होतं आणि निकाल काहीही आला तरी पुन्हा वाचवत नाही.