पुढची चाके मोकळी केल्यावर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या गॅरेजमध्ये गाडीवेड्या तरुणांचा विषय निघाला की एक समजूत हमखास ऐकू येते : ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीचे पुढचे दोन एक्सल (चाकांना फिरवणारे दांडे) काढून ठेवले की झाली ती रिअर व्हील ड्राइव्ह, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर चालणारी. थारसारख्या गाडीचा लिव्हर ‘टू एच’वर टाकला की ती मागच्या चाकांवर चालते, मग चारही चाकांना कायम रेटा देणाऱ्या सुबारू इम्प्रेझा किंवा मित्सुबिशी लान्सर इव्होल्युशनला ते का जमू नये, असा त्यामागचा तर्क असतो. या तर्कात राहून गेलेला भाग म्हणजे सेंटर डिफरन्शियल. थारसारख्या पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरत्याच चारही चाके जोडणाऱ्या फोर बाय फोरमध्ये तो नसतोच. कायमस्वरूपी ऑल व्हील ड्राइव्हमध्ये मात्र पुढच्या आणि मागच्या चाकांत टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाटण्याचे काम त्याच्याकडे असते.

हे काम बैलजोडीच्या जुवासारखे चालते. जू मधोमध बांधलेले असल्यामुळे एका बैलाने ओढणे सोडले, की जू फिरते आणि दुसऱ्या बैलाचा जोरही वाया जातो. साध्या, म्हणजे कुलूप नसलेल्या सेंटर डिफरन्शियलमध्ये दोन्ही बाजूंच्या टॉर्कचे प्रमाण ठरलेले असते, त्यामुळे पुढची बाजू एक्सलविना मोकळी फिरू लागली की मागच्या बाजूलाही जवळजवळ काहीच मिळत नाही आणि गाडी जागची हलत नाही. काही गाड्यांत या डिफरन्शियलला व्हिस्कस कपलिंगची जोड असते. त्या गाड्या हलतात खऱ्या, पण सारा टॉर्क कपलिंगमधल्या घट्ट सिलिकॉन द्रवाच्या ओढीतून जाऊ लागतो आणि दोन्ही बाजूंच्या वेगातल्या सततच्या फरकाने तो द्रव तापून कपलिंग निकामी होते. म्हणून रूपांतराची खरी सुरुवात सेंटर डिफरन्शियल पक्के करण्यापासून होते. आतले गिअर वेल्ड करून टाकणे हा स्वस्तातला मार्ग. पण हे गिअर वरून कठीण केलेल्या पोलादाचे असल्यामुळे वेल्डच्या कडेला ते ठिसूळ होऊन तडकण्याची भीती राहते. ईएन २४ सारख्या मजबूत पोलादाचा स्पूल (डिफरन्शियलच्या जागी बसणारा अखंड तुकडा) लेथवर काढून, त्याला नेमके स्प्लाइन, म्हणजे दांडा अडकवणारे दाते, पाडून आणि हार्डनिंग करून बसवणे हे अधिक शहाणपणाचे काम आहे, आणि कोल्हापूरच्या कारागिरांना त्यात अवघड असे काही नाही.

पुढचे एक्सल काढतानाही दोन गोष्टी आडव्या येतात. इम्प्रेझाचे पुढचे डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असते, त्यामुळे एक्सल निघाल्यावर उघडी पडणारी बाजू नीट बंद केली नाही तर गिअरबॉक्सचे तेल जमिनीवर येते. दुसरी गोष्ट चाकापाशी आहे. पुढच्या हबचे, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या तुंब्याचे, बेअरिंग एक्सलच्या टोकाच्या मोठ्या नटाने आवळलेले असते. तो दाब गेला तर बेअरिंग सैल होऊन चाकच डळमळू लागते. म्हणून बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा (चाक वळले तरी त्याला फिरवत ठेवणाऱ्या सांध्याचा) दांडा कापून, त्याचा हबमधला भाग जागेवरच ठेवावा लागतो. वरवर क्षुल्लक वाटणारे हे टोक विसरले गेले, तर इंजिनाच्या अश्वशक्तीची चर्चा करण्यात अर्थ उरत नाही.

सर्वच गाड्या इतका त्रास देत नाहीत. १९८९ मध्ये आलेल्या निसान स्कायलाइन जीटी-आरची रचना मुळातच मागच्या चाकांवर चालणारी होती. पुढच्या चाकांना गरजेपुरता टॉर्क बहुपदरी क्लचमधून, जास्तीत जास्त निम्म्यापर्यंत, दिला जाई. पुढचा शाफ्ट काढला की ती सहज मूळ स्वभावावर येते. याउलट ऑडी एस३ सारख्या आडव्या इंजिनाच्या गाड्यांत पुढची चाके मुख्य आणि मागची मदतनीस असतात. तिथे सगळा भार जोर मागे वळवणाऱ्या लहानशा बेव्हल गिअरवर आणि मागच्या कपलिंगवर टाकणे म्हणजे मोडतोडीला आमंत्रणच होय.

एवढे सगळे साधले तरी एक गोष्ट बदलत नाही, ती म्हणजे इंजिनाची जागा. इम्प्रेझाचे इंजिन पुढच्या चाकांच्या रेषेच्याही पुढे असते आणि इव्होल्युशनचेही वजन नाकाकडेच झुकलेले असते. हिशोबासाठी १,५०० किलोची, ६० टक्के वजन पुढे असलेली, २.६ मीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर) आणि जमिनीपासून अर्ध्या मीटरवर गुरुत्वमध्य असलेली गाडी धरू. कोरड्या रस्त्यावर, घर्षण गुणांक, म्हणजे टायरच्या पकडीचे माप, १ मानला, तर चारही चाकांनी तत्त्वतः १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतके, त्वरण मिळू शकते. केवळ मागच्या चाकांनी, वेग घेताना वजन मागे सरकते हे जमेस धरूनही, ०.५ जीच्या आसपास. ओल्या रस्त्यावर गुणांक निम्म्यावर आला, तर चारही चाकांना ०.५ जी आणि मागच्या चाकांना अवघे ०.२२ जी मिळते. गंमत अशी, की त्याच ओल्या रस्त्यावर त्याच गाडीची फक्त पुढची चाके चालवली असती, तर ०.२७ जी मिळाले असते. आषाढात वैभववाडीहून करूळ घाट चढून गगनबावड्याला येताना पंधरास एक असा चढ लागला, तर ०.२२ मधला जवळपास एक तृतीयांश हिस्सा गाडी नुसती वर ओढण्यातच खर्च होतो. वळणावर टायरची उरलेली पकड कडेच्या ओढीलाही लागते, आणि थोडासा जास्त ॲक्सिलरेटर दिला की मागचा भाग घसरून बाहेर जातो.

तरीही हे रूपांतर का केले जाते? ड्रिफ्टिंगच्या खेळात मागची चाके मुद्दाम घसरवायची असतात आणि जपानमधल्या ड्रिफ्ट स्पर्धांत इम्प्रेझा आणि इव्होल्युशन याच कारणासाठी मागच्या चाकांवर आणल्या गेल्या. ४०० न्यूटन-मीटरचे इंजिन, ३.६ चा पहिला गिअर आणि ३.९ चा फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतरचे शेवटचे गिअर) धरला, तर चाकांपाशी सुमारे ५,६०० न्यूटन-मीटर पोहोचतात, तर वरच्या गाडीचे मागचे टायर कोरड्या रस्त्यावर जेमतेम २,३०० पेलतात. बाकीचा जोर धूर करण्यात जातो, आणि खेळाडूला तेच हवे असते. घसरणारे टायर अचानक पकड घेतात तेव्हाचा धक्का मात्र मागच्या एक्सलना सोसावा लागतो. मूळ आराखड्यात त्यांच्या वाट्याला टॉर्कचा एक भागच असल्याने ते बहुधा बदलावे लागतात. पुढे एक्सल नसल्यामुळे चाके सीव्ही जॉइंटच्या मर्यादेपलीकडे वळवता येतात, हा फायदा मात्र खरोखर मोठा आहे. सस्पेन्शनही पुन्हा बसवावे लागते, कारण कारखान्याने नाकाकडची ओढ कमी करण्यासाठी मागचा अँटी-रोल बार (वळणावर गाडीचे कलणे रोखणारा दांडा) कडक ठेवला असेल, तर तोच आता गाडीला गिरकी घ्यायला लावतो.

माझ्या मते रस्त्यावरच्या गाडीसाठी या उद्योगात नुकसानच अधिक आहे, आणि कायदाही त्याच बाजूचा आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बेकायदा बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. ज्याला मागच्या चाकांची हौस पुरवायचीच असेल, त्याने ती बंदिस्त ट्रॅकवर, गाडी ट्रेलरवरून नेऊन पुरवावी. रस्त्यावरच चारही चाकांचा आणि फक्त मागच्या चाकांचा, असा दोन्ही रेटा हवा असेल, तर २०१७ मध्ये सादर झालेल्या बीएमडब्ल्यू एम५ मध्ये ऑल व्हील ड्राइव्ह स्क्रीनवरूनच मागच्या चाकांपुरती मर्यादित करता येते. मात्र स्थैर्य राखणारी यंत्रणा पूर्ण बंद केल्याशिवाय ती गाडीही त्याला परवानगी देत नाही.