संगणकाचे ‘क्लीनर’ : ही सवय आली कुठून?

पीकविम्याचे दिवस आले की आमच्या यवतमाळकडच्या सेवा केंद्रांत एक वाक्य हमखास कानावर पडतं : “भाऊ, कॉम्प्युटर लय हँग होऊन राहिलं.” मग कोणीतरी पेनड्राइव्हमधून क्लीनर, म्हणजे संगणक साफ करून वेगवान करतो म्हणणारं सॉफ्टवेअर, टाकून देतो. लाल अक्षरांत शेकडो ‘चुका’ दिसतात आणि रांगेतल्या माणसाला वाटतं, आता आपला फॉर्म काही भरला जात नाही. हे क्लीनर मुळात कशासाठी निघाले, ते माहीत असलं तर ही भीती उरत नाही.

सुरुवात खऱ्या गरजेतून झाली. १९८२ मध्ये पीटर नॉर्टन यांनी ‘नॉर्टन युटिलिटीज’ आणलं, ते चुकून पुसलेली फाइल परत मिळवण्यासाठी. पुढे डीफ्रॅग आलं. १९९३ च्या एमएस-डॉस ६ या विंडोजआधीच्या कार्यप्रणालीमध्ये मायक्रोसॉफ्टने ते सोबतच दिलं. एकाच गटाचे कागद तलाठ्याच्या दप्तरात चार गठ्ठ्यांत विखुरलेले असले की शोधायला वेळ लागतो, तसंच फिरत्या हार्ड डिस्कचं होतं. ते कागद एकत्र लावणं म्हणजे डीफ्रॅग. विंडोज ९८ मध्ये नको असलेल्या फाइली पुसणारं ‘डिस्क क्लीनअप’ही आलं. डिस्क तेव्हा जेमतेम काही जीबीच्या होत्या, त्यामुळे या साफसफाईचा उपयोग डोळ्यांना दिसायचा.

२००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली आणि आमच्या गावांतली पोरं संगणकाला लागली. डीफ्रॅगचे रंगीत चौकोन सरकताना तासभर बघत बसायची सवय मलाही तेव्हाचीच. काळ बदलला, सवय तशीच राहिली. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी नवी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं, तिथे जुन्या पद्धतीचं डीफ्रॅग म्हणजे नुसती झीज. तिला लागते ती देखभाल विंडोज स्वतःच करतं. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ करणारी सॉफ्टवेअर वापरण्याला तर मायक्रोसॉफ्टचाच पाठिंबा नाही.

गरज संपली तिथे भीतीचा धंदा सुरू झाला. अमेरिकेत ऑफिस डेपो या दुकानसाखळीत संगणक तपासताना ग्राहकाला आधी चार प्रश्न विचारत. एकालाही ‘हो’ म्हटलं की तपासणीत व्हायरसची लक्षणं निघायचीच, मशीन कशीही असो. २०१९ मध्ये त्या कंपनीला आणि तिच्या सॉफ्टवेअर पुरवठादाराला मिळून साडेतीन कोटी डॉलर भरावे लागले. सीक्लीनरसारखा नावाजलेला क्लीनरही धोक्यातून सुटला नाही : २०१७ मध्ये त्याच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला आणि ती सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर गेली. क्रॅक केलेला, म्हणजे परवाना तोडून फुकट केलेला, क्लीनर पेनड्राइव्हने फिरवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : विंडोजमधलं डिस्क क्लीनअप किंवा तेच काम आपोआप करणारं ‘स्टोरेज सेन्स’, टास्क मॅनेजरमधून बंद केलेले फालतू स्टार्टअप प्रोग्राम (संगणक सुरू होताच आपोआप चालू होणारे) आणि विंडोजचाच अँटिव्हायरस, एवढं पुरतं. बाकी पैसा साठवून एसएसडी बसवावी.

आणि कॅबिनेट उघडून बघावं. गेल्या एप्रिलमध्ये शेजारच्या गावातल्या केंद्रातलं उघडलं, तर प्रोसेसरच्या पंख्याखाली धूळ आणि कापसाचे तंतू मिळून नमदा झाला होता. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो, त्यात आपल्याकडचा उन्हाळा. ब्लोअर मारला, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट बदलली. मग मशीनवरचे चार क्लीनर काढले. त्यातले दोन एकमेकांच्याच फाइलींना व्हायरस म्हणत होते.