संडासात उमगलेली तोफ

१९१५ चा शरद ऋतू, पहिलं महायुद्ध चालू. बेल्जियममध्ये केमेल टेकडीच्या परिसरात विल्यम लॉरेन्स ब्रॅग नावाचा पंचवीस वर्षांचा ब्रिटिश अधिकारी एका विचित्र कामावर होता. टेकाडाआड लपलेली जर्मन तोफ दिसत नाही, तेव्हा ती निदान ऐकून शोधायची.

हिशेब सरळ आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. एका मायक्रोफोनपाशी तो दुसऱ्यापेक्षा एक सेकंद उशिरा पोचला, तर तोफ पहिल्यापासून ३४० मीटर जास्त लांब. असे पाच-सहा मायक्रोफोन लावले की नकाशावर रेषा एकमेकींना छेदतात आणि तोफेची जागा सापडते.

कागदावर! प्रत्यक्षात गोळा आवाजाहून वेगाने येई आणि त्याचा कर्कश तडाखा आधी कानावर आदळे. मागून येणारी तोफेची खोल, मंद घुमार मायक्रोफोनला जेमतेम जाणवे.

ब्रॅगच्या मुक्कामाच्या घरातला संडास बंदिस्त होता. दार लावलं की हवेला एकच वाट उरे, बैठकीखालचं भोक. जवळची ब्रिटिश तोफ उडाली की बसलेला ब्रॅग किंचित वर उचलला जाई! कानाला फारसं काही कळत नव्हतं, पण हवेचा दाब ढकलत होता. म्हणजे ऊर्जा होती, ती टिपणारा कान चुकीचा होता. त्याच सुमारास त्याला वडिलांसोबत नोबेल मिळालं, आणि धाकटा भाऊ रॉबर्ट तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. दोन्ही बातम्या काही आठवड्यांच्या अंतराने.

उत्तर मिळालं ते टकर नावाच्या कॉर्पोरलकडून. झोपायच्या खोपटाच्या भिंतीला भोकं होती. तोफ उडाली की त्यांतून गार झुळूक तोंडावर येई. टकरने आधी तापलेल्या बारीक प्लॅटिनम तारेवर प्रयोग केले होते. वारा लागला की तार गार होते आणि तिचा विद्युतरोध घटतो. मग दारूगोळ्याच्या रिकाम्या खोक्याला भोक पाडून त्यावर तार ताणली. गोळ्याच्या तडाख्याला ती जवळपास ढिम्म, तोफेच्या घुमारीला मात्र लगेच दाद देई. मला तर यातलं खोकंच जास्त आवडतं.

२० नोव्हेंबर १९१७ ला फ्रान्समधल्या काँब्रेच्या लढाईत सुमारे हजार ब्रिटिश तोफा एकदम कडाडल्या. नेम जुळवायला आधी एकही चाचणीगोळा टाकलेला नव्हता. गरजच नव्हती, जर्मन तोफांच्या कितीतरी जागा आवाजावरून नकाशावर आधीच मांडलेल्या होत्या.